गुणवंतरावांचा चोरखिसा

सावधपणा हा असा दागिना आहे की तो अंगावर असेपर्यंत दुसरा कुठलाही दागिना चोरीला जात नाही. हे वाक्य गुणवंतराव चौबळांनी एका सहकारी बँकेच्या दक्षता विभागात असताना तीस वर्षं शाखेशाखेतून, समोरचा पाण्याचा ग्लास किंचित डावीकडे सरकवून उच्चारलं. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात हडपसर शाखेत ते शेवटचं उच्चारून बसने घरी येताना त्यांचा खिसा मारला गेला.

पाकिटात पैसे फारसे नव्हते. लॉकरची किल्ली होती.

बँकेने लॉकर फोडून दिला, नवी किल्ली दिली, आणि ती बायकोने, अनुराधाबाईंनी, स्वतःच्या जुडग्यात अडकवली. "राहू दे माझ्याकडे," एवढंच त्या म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर वाद घालता आला असता. पुढच्या महिनाभरात एटीएम कार्ड, मीटरच्या पेटीची किल्ली आणि गॅसचं पुस्तक त्याच वाटेने गेलं. सत्तांतर शांततेत पार पडलं. गुणवंतरावांकडे उरला तो स्वतःचा रुमाल. अनुराधाबाईंच्या जुडग्यात एक लांब दांड्याची पितळी किल्ली होती. पेपर वाचता वाचता गुणवंतराव तिच्याकडे बघत, राज्य गेलेला राजा किल्ल्याकडे बघतो तसे.

मुलाने, अथर्वने, दोघांना महिनाभरासाठी दुबईला बोलावलं, तेव्हा अनुराधाबाईंनी मेतकूट आणि कुळथाचं पीठ बांधायला घेतलं आणि गुणवंतराव शिंप्याकडे गेले. चार बनियनना आतून, डाव्या छातीवर, चोरखिसा लावून हवा होता. वर सेफ्टीपिन.

"कुठल्या देशात चाललात काका?" शिंप्याने विचारलं.

"दुबईला."

"तिथं तर म्हणे चोऱ्याच होत नाहीत."

"असं त्यांना वाटतं," गुणवंतराव म्हणाले.

अथर्वचं घर दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये चौदाव्या मजल्यावर होतं. पहिल्याच रात्री गुणवंतरावांनी बाल्कनीच्या दाराला आतून खुर्ची लावली. "बाबा, इथे लोक गाडी चालू ठेवून किराणा आणायला जातात," अथर्व म्हणाला. एसी बंद होऊ नये म्हणून. यावरून इथले चोर फार धीराचे असले पाहिजेत, असा निष्कर्ष गुणवंतरावांनी काढला. मेट्रोत ते पाठ दाराला टेकवून उभे राहत. दार उघडलं की फलाटावर पडत. देऱ्याच्या जुन्या बाजारात एक अत्तरवाला दोन गल्ल्या त्यांच्या मागे आला. गुणवंतरावांनी चाल वाढवली, त्यानेही वाढवली. शेवटी एका सिग्नलला त्याने गाठलं आणि दुकानात विसरलेला चष्मा त्यांच्या हातात ठेवला. गुणवंतरावांनी काचा त्याच आहेत ना, हे उन्हात धरून बघितलं.

तीन आठवडे असे गेले. चोरीचा प्रयत्नसुद्धा झाला नाही. आयुष्यभर अभ्यास केलेला विषय परीक्षेला येऊच नये, तसं त्यांना झालं होतं.

चौथ्या आठवड्यातल्या शनिवारी अथर्व ऑफिसचं काही 'रिलीज' आहे म्हणून लॅपटॉपसमोर बसून राहिला, सूनबाई माहेरी पुण्याला गेलेल्या होत्या, तेव्हा आजी, आजोबा आणि आठ वर्षांची ईशानी असे तिघेच टॅक्सीने मॉलला गेले. खरेदीवरचा कर पाहुण्यांना परत मिळतो आणि त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो, हे अनुराधाबाईंना कळलं होतं. दोघांचे पासपोर्ट एका निळ्या कापडी पाऊचमध्ये घालून त्यांनी पर्समध्ये ठेवले होते.

फूड कोर्टपाशी आल्यावर त्या थांबल्या.

"अहो, हा पाऊच धरा. विहीणबाईंसाठी पर्स बघून येते. तिथं सेल लागलाय, नुसती रेटारेटी आहे. मला दोन्ही हात मोकळे हवेत. बिल झालं की पासपोर्ट न्यायला मी इथंच येते. तुमचा फोन बंदच असणार."

तो बंद होताच. वायफायमधूनही खिसा मारला जातो, असं गुणवंतरावांनी वाचलं होतं.

"विहीणबाईंना एवढी महागातली पर्स कशाला?"

"त्यांनी आपलं एक मोठं काम केलंय."

"कुठलं?"

"सांगितलंय तुम्हाला. सांभाळाल ना पाऊच?"

"हा काय प्रश्न झाला?" गुणवंतरावांनी पाऊच दोन्ही हातांनी घेतला. निवृत्तीनंतर प्रथमच काहीतरी त्यांच्या स्वाधीन होत होतं. संधी साधून ते म्हणाले, "हा नीट परत दिला, तर पुण्याला गेल्यावर लॉकरची किल्ली परत माझ्याकडे. काय?"

अनुराधाबाई तोवर चार पावलं पुढे गेल्या होत्या. मागे न बघता त्या म्हणाल्या, "बघू."

अडतीस वर्षांच्या संसारात गुणवंतरावांनी 'बघू'चे सगळे अर्थ अनुभवले होते. पण त्या दिवशी त्यांनी तो करार धरला.

त्यांनी खांबामागे जाऊन शर्टाची वरची तीन बटणं काढली, पाऊच चोरखिशात सरकवला, पिन लावली, बटणं लावली. मग ईशानीसाठी नगेट्स आणि स्वतःसाठी चहा घेतला. चहा बारा दिरहम. "म्हणजे पावणेतीनशे रुपये," ते मोठ्याने म्हणाले. काउंटरवरची मुलगी हसली. तिने असे पुष्कळ आजोबा पाहिले होते.

त्यांना कडेचं टेबल मिळालं. आणि बसल्यावर त्यांना शेजारच्या टेबलावरचा फोन दिसला.

टेबल रिकामं होतं. खुर्च्या रिकाम्या होत्या. मध्यभागी काळा, मोठा, नवा कोरा फोन, पालथा. आजूबाजूने शंभर माणसं ट्रे घेऊन फिरत होती, आणि एकाचंही लक्ष नव्हतं. गुणवंतरावांच्या मते हेच सगळ्यात संशयास्पद होतं.

ते बघत राहिले. फोनकडे कोणी येईना.

"कोणाचा गं हा?" त्यांनी विचारलं.

"समबडीज," ईशानी नगेट चावत म्हणाली.

"उचलून नेला कुणी तर?"

"आजोबा, नोबडी स्टील्स हिअर."

"बँकेतही सगळे असंच म्हणायचे."

ते उठले. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. वर पाहिलं. मग फोन उचलला.

"आजोबा! दॅट्स नॉट अवर्स!"

"म्हणूनच तर," गुणवंतराव म्हणाले.

फोन असा उचलून नेला तर मालकाची जागा जाईल, हे त्यांच्या लक्षात आलं. कुणाचं नुकसान करायचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांनी आपला पांढरा, चौपदरी घडीचा रुमाल काढला आणि फोनच्या जागी ठेवला. जन्मभर त्यांनी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती. रुमालावर कुणी बसत नाही, एवढा कायदा महाराष्ट्रात अजून पाळला जातो. रुमाल ठेवला की जागा आपली, आणि गेला तर रुमालच जातो, हे साधं शहाणपण या श्रीमंत लोकांना कळू नये याचं त्यांना वाईट वाटलं.

आता फोन ठेवायचा कुठे? दुसऱ्याची वस्तू आपल्या वस्तूपेक्षा जास्त जपावी, हे ते तीस वर्षं सांगत आले होते. त्या हिशेबाने फोनची जागा चोरखिशात. पण चोरखिशात एका वेळी एकच वस्तू मावत होती. शिंप्याने कापड वाचवलं होतं. गुणवंतराव पुन्हा खांबामागे गेले. पाऊच बाहेर आला, फोन आत गेला, पिन लागली. पाऊच त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसले.

त्यानंतर काय झालं ते त्यांना दिसलं नाही, कारण ते चोर कुठून येतो ते बघत होते.

काही वेळाने एक मध्यमवयीन गृहस्थ बिर्याणीच्या दोन थाळ्या घेऊन शेजारच्या टेबलाशी आला आणि थबकला. मागोमाग त्याची बायको ताकाचे ग्लास घेऊन आली. त्या टेबलावर एक सहाजणांचं फिलिपिनो कुटुंब भात खात बसलं होतं. रुमाल नव्हता.

"इथंच ठेवलेला मी फोन," तो गृहस्थ म्हणाला.

"शार्जात घरीच राहिला असंल तुमचा," बायको म्हणाली. "सकाळपासून डोकं ठिकाणावर नाय."

"अगं सायरा, आत्ता ठेवला. तू रिंग मार ना."

सायराने रिंग मारली.

"अब्बा, फोन उचला! अब्बा, फोन उचला की!"

लहान मुलीचा खणखणीत आवाज होता, आणि तो गुणवंतरावांच्या छातीतून येत होता.

आसपासची टेबलं वळून बघू लागली. गुणवंतरावांनी दोन्ही हातांनी छाती दाबली. आवाज थोडा घोगरा झाला, थांबला नाही.

"या अल्ला, काकांना अटॅक आला!" सायरा ओरडली.

"अटॅक नाय, फोन आलाय," तिचा नवरा म्हणाला. "माझा."

गुणवंतराव उभे राहिले. बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवावं या विचाराने त्यांनी शर्टाची बटणं काढायला घेतली. घरी आरशासमोर हे काम झटकन व्हायचं. इथे तिसरं बटण अडकलं, पिन बनियनच्या कापडात रुतली, आणि आतली मुलगी "उचला की!" म्हणत राहिली. समोरच्या टेबलावरच्या आईने आपल्या मुलाचे डोळे झाकले.

तेवढ्यात सिक्युरिटीचा सुपरवायझर यहया आला. तो सुदानचा होता आणि हिंदी मलबारी सहकाऱ्यांकडून शिकला होता.

"सर, शर्ट बंद करो. फॅमिली है इधर."

"फोन निकालना है," गुणवंतराव म्हणाले.

"फोन निकालो. शर्ट मत निकालो."

"शर्ट निकाले बिना फोन कैसे निकलेगा?"

यहयाने यावर थोडा विचार केला. त्याच्या नोकरीत असा प्रश्न आधी आलेला नव्हता. "यल्ला, ऑफिस चलो," तो म्हणाला.

गुणवंतरावांनी एका हाताने छाती धरली, दुसऱ्या हाताने ईशानीचा हात धरला, आणि त्यांची वरात निघाली. त्यांना तिसरा हात नव्हता.

सिक्युरिटीच्या खोलीत शर्ट उतरला, पिन निघाली, फोन बाहेर आला. गृहस्थाने तो बोटाने उघडून दाखवला, म्हणजे मालकी सिद्ध झाली. त्याचं नाव हारुन. मूळचा रत्नागिरीजवळचा, रास अल खोरला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. एवढं यहयाने लिहून घेतलं. मग तो गुणवंतरावांकडे वळला. ते बनियनवर उभे होते.

"आप ने फोन लिया?"

"लिया नहीं. संभाला."

"हाँ. कहाँ से संभाला?"

"टेबल से."

यहयाने भिंतीवरच्या पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. त्यात एक टक्कल पडलेला इसम उठला. त्याने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. वर, थेट कॅमेऱ्यात पाहिलं. फोन उचलला, खांबामागे गेला, शर्टात हात घालून बाहेर आला. गुणवंतरावांनी बँकेच्या प्रशिक्षणात असली चित्रणं पुष्कळ दाखवली होती. "बघा," काठी पडद्यावर टेकवून ते म्हणायचे, "चोराला चेहरा नसतो, पण मान असते. मान बघा." त्यांनी आता मान बघितली. मान अगदी पुस्तकातल्यासारखी होती.

चित्रण पुढे सरकलं. सफाईवाला आला. त्याने टेबल पुसलं, रुमाल टिश्यूबरोबर गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत टाकला आणि गेला. फिलिपिनो कुटुंब बसलं. शेजारी बसलेले गुणवंतराव विरुद्ध दिशेला टक लावून बघत होते.

"कम्प्लेंट करेगा?" यहयाने हारुनला विचारलं. "कम्प्लेंट, तो पुलिस."

आपण अथर्वच्या नावावर काढलेल्या व्हिसावर इथे उभे आहोत, तेही बनियनवर, हे गुणवंतरावांना तेव्हा स्पष्ट दिसलं. उद्या अथर्वच्या ऑफिसात कुणीतरी विचारेल, तुझे वडील काय करायचे? बँकेत दक्षता अधिकारी होते, असं तो सांगेल. पुढचा प्रश्न कुणी विचारणार नाही. तेच जास्त वाईट.

हारुन मात्र बनियनच्या आतल्या शिलाईकडे निरखून बघत होता.

"काका, हा चोरखिसा का?"

"हो."

"माझे आजोबा बोटीवर जाताना असाच लावायचे. तुम्ही कुठले?"

"पुण्याचे."

"तरीच," सायरा म्हणाली.

"अहो, तुम्ही फोन असा उघड्यावर टाकून जाता म्हणजे काय?" गुणवंतरावांना राहवलं नाही. "उद्या कुणी उचलला तर?"

"उद्या कशाला काका? आज उचललात की तुम्ही." हारुन हसायला लागला. "एकोणीस वर्षं हितं आहे मी. टेबल धरायला फोन ठेवतो, पाकीट ठेवतो, एकदा तर पगार ठेवला व्हता. कुणी हात नाय लावला. तुम्ही पहिले."

"मी सांभाळत होतो."

"ते झालंच. पण जेवण थंड झालं ना आमचं." त्याने यहयाकडे बघून हात झटकले. "खलास, हबीबी. नो कम्प्लेंट. अंकल हमारे गाव की तरफ का है."

पुणे आणि रत्नागिरी यांच्यात अख्खा सह्याद्री आहे. एरवी गुणवंतरावांनी हे लक्षात आणून दिलं असतं. आज त्यांनी शर्ट घालायला घेतला.

"आजोबा," ईशानी म्हणाली. ती इतका वेळ फिरत्या खुर्चीवर गोल गोल फिरत होती. "व्हेअर इज द पाऊच?"

गुणवंतरावांचा हात चोरखिशाकडे गेला. मग त्यांना आठवलं की पाऊच चोरखिशात नाही. आणि मग पाऊच कुठे आहे तेही आठवलं.

साठी उलटलेला माणूस मॉलमध्ये धावू लागला की लोक बाजूला होतात. गुणवंतराव धावत होते, मागे ईशानी, तिच्यामागे थाळ्या सावरत हारुन आणि सायरा. पासपोर्ट गेले तर दूतावास, फोटो, अर्ज, चुकलेलं विमान, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पण धावताना डोळ्यांसमोर दिसत होती ती जुडग्यातली लांब दांड्याची पितळी किल्ली, आणि ती दूर दूर जात होती.

फूड कोर्ट आता खच्चून भरलं होतं. ट्रे घेऊन माणसं जागेसाठी ताटकळत उभी होती. एक पठाण आजोबा तर खांबाला टेकून उभ्यानेच सूप पीत होते. आणि या सगळ्या गर्दीत कडेचं एक टेबल पूर्ण रिकामं होतं. त्यावर गार झालेला चहा, दोन नगेट्स आणि एक निळा कापडी पाऊच होता. पाऊच ठेवला आहे म्हणजे जागा कुणीतरी धरली आहे, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

रिकामं म्हणजे अगदीच रिकामं नव्हतं. एका खुर्चीवर अनुराधाबाई बसल्या होत्या. पायाशी पर्सची पिशवी होती.

"कुठं होतात?"

गुणवंतरावांनी शर्टाच्या बटणांवर हात ठेवला. ती एकेक काज सोडून लागली होती. "इथंच. जरा यांचा फोन..."

"काकांनी माझा फोन सांभाळला, काकी," हारुन लगेच म्हणाला. भला माणूस होता. "हरवला व्हता. त्यांच्यामुळं मिळाला."

"खरं की काय?" अनुराधाबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं. गुणवंतरावांची छाती दोन वर्षांत प्रथमच थोडी पुढे आली.

"आजी," ईशानी म्हणाली, "आजोबा टूक हिज फोन अँड हिड इट इन हिज बनियन, अँड देन सिक्युरिटी मेड हिम टेक ऑफ हिज शर्ट. इट्स ऑन कॅमेरा."

इंग्रजी असूनही सगळ्यांना समजलं.

अनुराधाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग पाऊच उचलला, आपल्या पर्समध्ये घातला आणि चेन ओढली. चेनचा आवाज बारीक होता, पण गुणवंतरावांना तो नीट ऐकू आला.

"बसा हो तुम्ही, उभे का?" त्या सायराला म्हणाल्या. "जेवण गार होतंय. ईशानी, सरक तिकडे."

पाचजण त्या टेबलाभोवती बसले. हारुनने थाळी मध्ये सरकवली. अनुराधाबाईंनी आपल्या पर्समधून घरच्या थालीपिठाचा डबा काढला, तो सायराने सगळ्यांत आधी संपवला आणि पीठ कुठून आणता म्हणून विचारलं. हारुनने बोलता बोलता फोन टेबलाच्या कडेला ठेवला. गुणवंतरावांनी तो बघितला. हात मांडीवरच ठेवले.

जेवण संपत आल्यावर ते हळूच बायकोकडे झुकले.

"म्हणजे किल्लीचं आता राहिलं."

"कसली किल्ली?"

"लॉकरची. तू म्हणालीस ना, बघू."

"लॉकर कुठाय आता?" अनुराधाबाई रायत्यातली काकडी शोधत म्हणाल्या. "भाडं वाढवलं त्यांनी, म्हणून गेल्या मार्चमध्येच सोडून दिला. दागिने विहीणबाईंच्या लॉकरमध्ये ठेवलेत. सांगितलं होतं तुम्हाला, तुम्ही पेपर वाचत होतात."

गुणवंतरावांनी समोरचा गार चहा किंचित डावीकडे सरकवला.

"मग तुझ्या जुडग्यातली ती लांब दांड्याची?"

"पितळी ना? ती सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची."